अजून एक डाव वाच

अक्का, माझी वाटी परत आली. परवा तुझ्या दहाव्याला धरणगावला गेले होते. निघताना तुझ्या लेकीने, शोभाने, ती माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "काकू, सुतक आहे, आत काही घालता येत नाही. रिकामीच देते." तुझ्या घरातून माझी वाटी रिकामी आली ती पहिल्यांदाच. जळगाव येईपर्यंत एसटीत ती पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं असेल, ही सराफाकडे सोनं मोडायला निघालीय.

आता ती वाटी ओट्यावर पालथी घातली आहे. उताणी ठेवली की आत बघावंसं वाटतं.

मास्तरांची नोकरी धरणगावच्या शाळेत लागली आणि तुमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. सावद्याची, केळीवाल्या घरातली, बारावी झालेली आणि त्या बारावीचा पुरेपूर तोरा असलेली. पहिल्याच दिवशी तू वाटीभर शेवभाजी आणून दिलीस. मी वाटी घासून-पुसून परत करायला आले तर तू दारातच अडवलंस. "रिकामी वाटी देतीस का? तुनी माय ने शिकाडं नही का काही?" मी घाबरून म्हटलं, "अहो अक्का, तुम्ही..." तर म्हणालीस, "अन तुम्ही काबर म्हनस? मी काय तुनी सासू शे?" त्या दिवसापासून तू माझी 'तू' झालीस, आणि मी तुझी मास्तरीण. शाळेत एक दिवस शिकवलं नाही मी, पण धरणगावात अजून मला मास्तरीणच म्हणतात.

आपला तो कागदांचा नाद कसा सुरू झाला, आठवतं ना? शेठच्या दुकानातून साखर, डाळ, रवा सगळं पेपरच्या पुडीत यायचं. तू पुडी सोडलीस की कागद टाकायची नाहीस. झटकायचीस, मांडीवर हाताने सपाट करायचीस आणि त्यावर एखाद्या पदार्थाचं चित्र दिसलं की दुपारी माझ्या दारात हजर. तुला अक्षर येत नव्हतं. चित्र मात्र तू असं निरखायचीस की कढईत काय घातलंय ते तुला चित्रावरूनच निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मी वाचायचे. बायकांच्या पानावरच्या त्या पाककृती पुण्या-मुंबईच्या कुणी लिहिलेल्या, त्यांना काय ठाऊक की त्या धरणगावात डाळीला गुंडाळून पोचणार आहेत. निम्म्यांची सुरुवात गायब, निम्म्यांचा शेवट दुसऱ्या कुणाच्या घरी, शेंगदाण्याच्या पुडीवर. कुठे सुतळीने कागद कापलेला, कुठे तेलाचा डाग. मी म्हणायचे, "अक्का, इथं फाटलंय." तू म्हणायचीस, "फाटू दे. आपुन शिवू." मग दोघी अंदाजाने पुढचं करायचो.

काय काय केलं नाही गं आपण! टोमॅटोचं सूप. वाचून झालं तोवर तुझा हात काळ्या मसाल्याच्या डब्यात गेलाच होता, आणि रात्री तुझ्या यजमानांनी, नानांनी, ते आमटी म्हणून भाकरीबरोबर चुरून खाल्लं. पिझ्झा नावाचं काहीतरी. त्याला खाली कसलीशी जाड पोळी हवी म्हणून तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेतलीस, वर कांदा-टोमॅटो आणि चीज नाही म्हणून घट्ट दही. एक घास खाऊन म्हणालीस, "भाकरीवर भाजी ठेवाले पेपर कशाले लागस?" एका कागदावर लिहिलं होतं, ओव्हन एकशेऐंशी अंशांवर तापवून घ्या. "म्हंजे कितलं?" तू विचारलंस. मी म्हटलं, "आपल्या वैशाखातल्या उन्हाच्या चौपट." तू शांतपणे म्हणालीस, "मंग गच्चीवर ठेवी देऊ. चार दिन." मी हसून हसून ओट्याला टेकले होते.

आणि निकाल लागायचा वाटीत. हा आपला खास कायदा. वाटी रिकामी द्यायची नाही, मग त्यात काय द्यायचं यालाच तू अर्थ लावून टाकलास. मी केलेला पदार्थ तुझ्याकडे जायचा, आणि दुसऱ्या दिवशी वाटीत गूळ आला तर जमला. शेंगदाणे आले तर खाण्यासारखा झाला, पण पुन्हा करू नको. मीठ आलं तर फसला. तोंडाने तू बोलायची नाहीस. मीठ हातावर द्यायचं नसतं, भांडण होतं, पण वाटीत घालून दिलं तर चालतं, असं तुझंच शास्त्र. तुझे पदार्थ माझ्याकडे आले की मीही तेच करायचे. पहिल्या वर्षी माझ्याकडे इतकं मीठ जमलं की मास्तर म्हणाले, आपण आता लोणच्याचा धंदा काढू.

तुला वाटेल, ही गमतीजमती सांगत बसली आहे. सांगते आहे, कारण पुढचं सांगायला जीभ वळत नाही. अकरा वर्षं वळली नाही.

तो आठवडा. पुडीत एकदाची एक अख्खी पाककृती सापडली होती, कच्च्या केळ्याच्या कोफ्त्यांची. मी केळ्याच्या गावची. म्हटलं, आज गूळ आल्याशिवाय राहत नाही. वाटीभर कोफ्ते तुझ्याकडे आणले तेव्हा तुझ्या अंगणात बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, घाट होता, चार शेजारणी पाटावर बसलेल्या. तू एक कोफ्ता खाल्लास आणि आपला कायदा मोडलास. तोंडाने बोललीस, सगळ्यांसमोर. "मास्तरीण, तुले वाचता येस. रांधता येस नही." बायका हसल्या. तूही हसलीस. तुझ्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी खोलीत येऊन दार लावलं आणि ठरवलं, पुन्हा तुझ्याकडे वाटी पाठवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या भावाचा निरोप आला. सावद्याकडचं स्थळ, मुलगा जळगावला पाइपच्या कारखान्यात, शिकलेला, नोकरीत कायम. उद्याच येतायत शोभाला बघायला. शोभा तेव्हा एकोणीस वर्षांची. तू दुपारी माझ्याकडे आलीस, काल काही घडलंच नाही अशी. हातात कागद. "मास्तरीण, शहरना पोऱ्या शे. पोहे-शिरा बठ्ठाच करतस. आपुन केक करू." कागदावर केकचं चित्र होतं, काळपट, शाई पसरलेली. दह्याचा केक, अंडं नाही, ओव्हनही नको, पातेल्यात वाळू तापवून करायचा. तुझे डोळे लखलखत होते. उद्या चौघांसमोर तुझ्या लेकीच्या हाताने केक कापला जाणार होता.

तू तो कागद स्वतः सपाट केला होतास. स्वतः माझ्या हातात दिलास. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मी वाचायला लागले. मैदा दोन वाट्या. पिठीसाखर दीड वाटी. दही एक वाटी, लोणी अर्धी वाटी, वेलदोड्याची पूड. आणि मग, खायचा सोडा. त्यापुढे कागद नव्हता. कोपराच गेला होता. खालून पुढची ओळ सुरू होत होती, की हे सगळं एकत्र फेसून घ्या.

रोजच्यासारखं म्हणायला काय जात होतं? इथं फाटलंय. दोन शब्दांचं उत्तर होतं माझ्याकडे. तू म्हणाली असतीस, शिवू. आपण चिमूट-चिमूट करत कुठेतरी पोचलो असतो. पण कालचं हसणं कानात होतं. तुले वाचता येस. ठीक आहे, येतं ना मला वाचता? मग मी वाचून दाखवते. सोडा किती घालायचा ते मला खरंच माहीत नव्हतं, कारण केक मी आयुष्यात खाल्ला होता एकदा, केला कधीच नव्हता. आणि माहीत नाही हे तुझ्यापुढे मला त्या दिवशी कबूल करायचं नव्हतं. मैदा दोन वाट्या, म्हणून मी म्हटलं, "दोन चमचे." आवाज अगदी वर्गात मुलांना पाढे सांगावेत तसा. तू मान हलवलीस. तुझ्या घरातला चमचा म्हणजे पोहे ढवळायचा, तो तू दोनदा भरून घेतलास.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरात केक फुगला तेव्हा तू मला हाताला धरून ओढत नेलंस. झाकणावर निखारे, खाली वाळू, घरभर वेलदोड्याचा वास. झाकण काढलंस तर वर फुगून आलेला, चॉकलेटी रंगाचा, मधे जरासा बसलेला. मी म्हटलं, "अक्का, एक तुकडा चाखून बघू." तू म्हणालीस, "पाहुन्यास्नी आधी आपुन उष्टं करू? येडी शे का तू?" तू कुठलाच पदार्थ देवाच्या आणि पाहुण्याच्या आधी चाखायची नाहीस, वासावरून मीठ सांगायचीस. केकच्या वासावरून सोडा कसा कळणार?

शोभा हिरव्या साडीत होती. तिने त्या मुलाकडे दोनदा पाहिलं. दोनदा, मी मोजलं, कारण मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि मला दुसरं काही करायचं नव्हतं. मुलानेही पाहिलं. सगळं चांगलं चाललं होतं. मग ताटल्या फिरल्या. मुलाने पहिला घास घेतला आणि तो गिळता गिळेना. त्याच्या आत्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, ताटली खाली ठेवली, पदराने ओठ पुसले. साबण खाल्ल्यासारखं तोंड केलं, आणि ते खरंच तसंच लागत होतं, नंतर मी खाऊन बघितलं. आत्या म्हणाली, "आईचा हात असा, तं पोरीचा कसा असीन?"

खोलीत कुणी हसलं नाही. नाना खाली बघत होते. तू उठलीस, दोन्ही हात जोडलेस आणि म्हणालीस, "मना हात चुकना, माय. पोरना काही दोष नही."

मी दारात उभी होते, अक्का. पाच पावलांवर. हातात तांब्या. नुसतं पुढे व्हायचं आणि म्हणायचं, हिचा हात नाही चुकला, माझं वाचन चुकलं. मी पुढे झाले आणि पाहुण्यांना पाणी दिलं.

आठवड्याने निरोप आला, योग नाही. कारण काय होतं देवाला ठाऊक, पत्रिका असेल, हुंडा असेल, दुसरी मुलगी आवडली असेल. तुझ्या डोक्यात मात्र एकच बसलं. तुझा हात.

आणि त्याच्याही आधी, पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या सकाळी, तू माझी वाटी परत केलीस. कोफ्त्यांची वाटी, जी तुझ्याकडे राहिली होती. वाटीत मीठ होतं. शिगोशीग.

त्या मिठाने मला छळलंय, अक्का. ते कशाचं मीठ होतं? कोफ्त्यांचं म्हणावं, तर त्यांचा निकाल तू तोंडानेच लावला होतास. केकचं म्हणावं, तर केक तुझ्या हातचा. म्हणजे तू स्वतःलाच मीठ दिलंस का, आणि द्यायला दुसरी वाटी नव्हती म्हणून माझ्या वाटीत? की ते माझ्या वाचण्याचं होतं? मी वाटी घेतली तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच नाही बघितलं.

महिनाभर तू कागद आणला नाहीस. मग एका दुपारी आलीस, रव्याच्या पुडीचा कागद घेऊन, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी एका दमात वाचून काढलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "अजून एक डाव वाच." मी परत वाचलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी हेच. एकदा वाचून झालं की, अजून एक डाव वाच. मी म्हणायचे, अक्का, वय झालं का तुझं, लक्षात राहत नाही का? तू नुसती हसायचीस. दुसऱ्या वाचनाला तू माझ्या तोंडाकडे बघायची नाहीस, कागदाकडे बघायचीस. कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहायचीस, वरपासून खालपर्यंत.

हे मला तेव्हा दिसत होतं. अर्थ मी लावला नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याला फाटलेला कोपराही दिसत नाही, असं मी बारावी शिकलेली बाई समजत होते. कागद तू स्वतः सपाट केला होतास.

पण एक दुसरंही असू शकतं, आणि ते जास्त टोचतं. कदाचित तुला वाटलं असेल, शिकलेल्या माणसाला फाटलेल्या जागेवरचंही वाचता येतं. कदाचित तू माझ्यावर तेवढा विश्वास टाकला होतास.

शोभाला पुढे चार स्थळं येऊन गेली. प्रत्येक वेळी तू माझ्याकडे यायचीस. "पोहे तू कर, मास्तरीण. मना हात नको." ज्या बाईच्या हातचं भरीत खायला अख्खी गल्ली वांगी घेऊन दारात यायची, ती आपल्याच लेकीच्या बघण्याच्या दिवशी चुलीजवळ उभी राहायची नाही. ओसरीत बसून राहायची. मी तुझ्या स्वयंपाकघरात पोहे परतायचे आणि दर वेळी मनाशी म्हणायचे, आज सांगू, पाहुणे गेले की सांगू. पाचव्या वेळी धुळ्याच्या घराने होकार दिला. दुसऱ्या दिवशी माझी वाटी आली, गुळाने गच्च भरलेली, वर दोन वेलदोडे. म्हणालीस, "तुना हातना गुण." तो गूळ मी खाल्ला नाही. कपाटात ठेवला आणि मुंग्यांनी नेला. मास्तरांनी विचारलं तर सांगितलं, विसरले.

शोभाचं बरं चाललंय, हे तुला मी काय सांगणार. नवरा सज्जन आहे, दोन मुलं आहेत. कदाचित सावद्याला यापेक्षा वाईट झालं असतं. ही समजूत मी स्वतःची किती वेळा घातली, आणि दर वेळी मला ती हिरव्या साडीतली मुलगी दिसते, दोनदा वर बघणारी.

मग मास्तरांना जळगावच्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही धरणगाव सोडलं. तू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलीस तेव्हा आठ दिवस माझ्याकडे राहिलीस. एका डोळ्यावर पट्टी, तरी ओट्यावरची एक-एक वस्तू हाताने चाचपलीस. गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन घेतला होता मी नुकताच. त्याच्या झाकणावर हात ठेवून तू विचारलंस, "यामा केक व्हस ना?" मी म्हटलं, "होतो. पण आज तुला भरीत करते." तू झाकणावरचा हात काढला नाहीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "करशी कधी तरी. मी खाईन." त्याहून जास्त कुणी कुणाला काय दार उघडून देणार? मी वांगी भाजायला घेतली.

त्यानंतर केक मी कितीतरी केले. शेजारणी विचारतात, काकू, तुमचा केक इतका हलका कसा होतो? दोन वाट्या मैद्याला पाव चमचा सोडा. पाव, अक्का. मोजताना दर वेळी हात थांबतो. घरात कुणी नसताना मी ते मोठ्याने म्हणते, पाव चमचा, आणि मग गप्प राहते. तुझ्या उत्तराची जागा सोडून.

तू अंथरुणाला खिळलीस हे कळलं त्या दिवशी दुपारी मी दह्याचा केक केला. वाटीत बसेल एवढाच. त्याच वाटीत घालून, फडकं बांधून, एसटीने धरणगावला आले. ठरवून आले होते. वाक्यसुद्धा ठरवलं होतं: अक्का, त्या दिवशी कागद फाटलेला होता. एवढंच. तू ओसरीतल्या खाटेवर होतीस, अर्धी झालेली. नाना उशाशी, शोभा धुळ्याहून आलेली, दोन-तीन बायका बसलेल्या. मी वाटी तुझ्या हाताला लावली. तू विचारलंस, "काय शे?" मी म्हटलं, "केक." तू डोळे मिटलेस. मी बसले, तुझे पाय चेपले, हवापाण्याचं बोलले. बायका उठेनात. शेवटच्या बसची वेळ झाली. म्हटलं, "अक्का, चार दिवसांनी येते, निवांत." चौथ्या दिवशी तू गेलीस.

आणि आता परवाचं. वाटी पिशवीत घालून झाल्यावर शोभा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. तिथे म्हणाली, "काकू, आईने ना, जायच्या दोन दिवस आधी तो केक मागितला. अन्न सुटलं होतं, तरी एक घास खाल्ला. मी विचारलं, कसा झालाय? तर म्हणाली, 'आते सोडा बराबर पडना.' आणि हसली. आत्ता सोडा बरोबर पडला, म्हणजे काय हो काकू?"

अक्का, तिथे कुणी नव्हतं. नाना नव्हते, बायका नव्हत्या. ज्या मुलीला मी सांगायला हवं होतं तीच माझ्यापुढे उभी राहून विचारत होती. तुझ्या लेकीने विचारलं, म्हणजे काय?

मी म्हटलं, "काही नाही गं. आजारात माणूस असंच काहीतरी बोलतं."

शोभाने मान हलवली. अगदी तुझ्यासारखी, त्या दिवशी दोन चमचे ऐकून हलवली होतीस तशी. फाटक बंद करून ती आत गेली आणि मी एसटी स्टँडपर्यंत कशी चालत आले मला आठवत नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून, ते मला कळणार नाही. त्याच दिवशी कागदाचा कोपरा बघून, की मीठ भरताना, की केकचा तो एक घास जिभेवर आल्यावर. अकरा वर्षं तू चौघांत म्हणत राहिलीस, मना हात चुकना, आणि माझं नाव घेतलं नाहीस. मला वाचायला दिलंस पुन्हा. पोहे करायला दिलेस. ओव्हनच्या झाकणावर हात ठेवून वाट बघितलीस. त्याबद्दल आभार मानावेत तर शब्द तोकडे पडतात, आणि तुझा रागही येतो. एकदा भांडायचं होतंस ना. बिबड्यांच्या अंगणात चौघींसमोर बोललीस तसं एकदा बोलायचं होतंस.

कालपासून एक नवीनच होतंय. पेपर उघडला की बायकांच्या पानावरची पाककृती मी मोठ्याने वाचते, संपली की मागून आवाज येतो. भास आहे हे मलाही कळतं, मास्तरांना सांगितलं तर ते डॉक्टरांकडे नेतील. आवाज तुझाच आहे, किंचित हसरा, आणि मी परत वाचते. पहिल्या ओळीपासून. दुसऱ्यांदा वाचताना माझं बोट आपोआप कागदाच्या कडेवरून फिरतं.

म्हणून हे लिहायला बसले. जे लिहिलंय ते आमच्याकडच्या पेपरला पाठवते आहे. छापलं तर छापतील. न छापलं तर मी हेच कागद घडी घालून धुळ्याला नेईन. शोभाला वाचता येतं, तू तिला दहावीपर्यंत शिकवलंस आणि मराठीचे धडे ती माझ्याच ओसरीत बसून वाचायची. तिच्या हातात कागद देईन, चारही कोपरे शाबूत असलेले, आणि समोर बसेन. वाचून झाल्यावर ती काय म्हणेल ते म्हणू दे. माझी वाटी बरोबर नेणार आहे, ती तिच्याकडे ठेवून येईन. त्यात काय घालून परत करायची ते तिने ठरवावं.

आणि तिने एकदा वाचलं की, अक्का, मी तिला म्हणणार आहे, अजून एक डाव वाच.